धरमतरची खाडी आणि आमची मुले

पेण आणि रामवाडीकडील घरोघरी मुलांस जे निषेध लहानपणीच ऐकावे लागतात, त्यांत 'खाडीकडे फिरकू नकोस' हा सर्वांत जुना असावा. ह्या निषेधामागे मायाच आहे ह्याबद्दल आमच्या मनात शंका नाही. परंतु मौज अशी की, ज्या खाडीपासून आम्ही आमची मुले दूर ठेवतो, तिच्यातच उतरण्याकरिता मुंबई-पुण्याकडील तरुण, आणि कित्येकदा तरुण म्हणवण्याच्याही वयाचे नसलेले, रात्रीच्या रात्री प्रवास करून येतात. धरमतरच्या धक्क्यापासून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापर्यंतचे सुमारे ३५ किलोमीटरांचे अंतर मध्ये कोठेही न टेकता पोहून जाणे, ही लांब पल्ल्याच्या समुद्रतरणाची आपल्या देशातील एक प्रसिद्ध कसोटी होऊन बसली आहे. पुढे इंग्लिश खाडी पोहण्याची उमेद धरणारे कित्येकजण आपल्या सामर्थ्याची परीक्षा प्रथम येथे पाहतात. वडखळच्या फाट्यावरून अलिबागकडे वळल्यावर धरमतरच्या पुलावरून आम्ही हजार वेळा गेलो असू. पण खालच्या त्या गढूळ पाण्याची कीर्ती आम्हांस वर्तमानपत्रांवरून कळते, आणि आमच्या मुलांस तर तीही कळत नाही.

ह्या लेखात आम्हांस जे सांगावयाचे आहे ते आरंभीच सांगून टाकतो. ह्या भागातील प्रत्येक मुलास व मुलीस पोहावयास आलेच पाहिजे, आणि त्यांतील एखाद्यास मोकळ्या पाण्याचा खरा छंद लागला तर पालकांनी तो वेड म्हणून मोडून काढू नये. पण त्याचबरोबर तो छंद लहान वयातच विक्रमाच्या बाजारातही नेऊन बसवू नये.

पालकांच्या भीतीस आधार नाही, असे कोण म्हणेल? १७ जुलै १९४७ ह्या दिवशी सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटून बुडाली. आषाढ अमावास्येचा दिवस, वर पावसाळी समुद्र. सहाशेहून अधिक माणसे गेली. ती बहुतेक ह्याच जिल्ह्याच्या गावोगावची होती. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून कित्येकांस वर काढले, आणि काही थोडे पोहत तरंगत किनाऱ्यास लागले, तेव्हा कोठे मुंबईस ह्या अनर्थाची वार्ता कळली. आज आमच्या घरांतील वृद्ध स्त्रिया 'पाण्याचा भरवसा नाही' असे म्हणतात, त्या वाक्यात ती बोट अजून बुडत असते. त्यानंतरचे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या आठवणीतले उदाहरण पाहिजे असेल तर तेही दूरचे नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडून मृत्यू पावले. आपल्या देशात दर वर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. त्यांत विहिरीत, तळ्यात, नदीत पडलेली मुले किती असतील ह्याचा विचार मनास सोसवत नाही.

तेव्हा भीती खरी आहे. प्रश्न एवढाच की, त्या भीतीवर उपाय कोणता? पाण्यापासून दूर राहणे हा उपाय डोंगरावरील गावास कदाचित चालेल. आमच्या गावांभोवती भोगावती आहे, खाडी आहे, खारबंदिस्तीच्या आतबाहेर पाणी आहे, आणि पावसाळ्यात तर रस्ता कोठे संपला व ओढा कोठे सुरू झाला हे सांगता येत नाही. येथे पाण्याची गाठ पडणारच. ती ओळखीने पडावी की अनोळखीपणाने, एवढेच आपल्या हाती आहे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात पौलाच्या जहाजफुटीची जी कथा आहे ती आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. त्या तारवात २७६ माणसे होती. माल्टा बेटाच्या काठाशी तारू फुटू लागले तेव्हा शताधिपतीने आज्ञा केली, ती मोठी विचार करण्यासारखी आहे. ज्यांस पोहता येत होते त्यांनी प्रथम उडी टाकून किनारा गाठावा, आणि बाकीच्यांनी फळ्यांवर व तारवाच्या तुकड्यांवर बसून यावे, असा त्याचा हुकूम झाला. आणि सर्वजण सुखरूप पोहोचले. पोहणारे आधी का? आमच्या समजुतीप्रमाणे कारण उघड आहे: जो आधी काठास लागतो तो मागून येणाऱ्यास हात देऊ शकतो. पौल स्वतः पोहत गेला की फळीवर, हे ग्रंथकार सांगत नाही. तथापि आपण एक रात्र व एक दिवस समुद्रात काढल्याचे त्याने करिंथकरांस लिहिले आहे, त्यावरून पाणी त्यास अगदीच परके नसावे.

आता छंदाकडे वळू. पोहता येणे निराळे आणि मोकळ्या पाण्याची ओढ लागणे निराळे. पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत उतरलेली शंभर मुले पोहावयास शिकतात. त्यांपैकी नव्वद सूर मारण्यात व शिवाशिवीत आनंद मानतात, आणि ते योग्यच आहे. पाचदहा मुलांस शर्यतीची हौस असते. एखादाच असा निघतो की, इतर मुले काठावर येऊन अंग पुसू लागली तरी तो आपल्या संथ गतीने जातच असतो. त्यास कोणाच्या पुढे जावयाचे नसते, केवळ जावयाचे असते. शहरातील तलावात भिंत असते, तळाशी रेघ असते, वर घड्याळ असते. खाडीत ह्यांतले काहीच नाही. पाण्यात डोळे उघडले तर हातभर अंतरावरचेही दिसत नाही. तासन्‌तास एकच काम, उजवा हात, डावा हात, श्वास. काठावरून पाहणारास हे कंटाळवाणे वाटेल. ज्याला ह्यात कंटाळा येत नाही, उलट मन स्वच्छ झाल्यासारखे वाटते, तोच ह्या छंदाचा खरा धनी.

हा छंद केव्हा आणि कोणाच्या ठिकाणी प्रकट होईल ह्याचा नेम नाही. १८७५ साली इंग्लिश खाडी प्रथम पोहून गेलेला कॅप्टन मॅथ्यू वेब हा एका डॉक्टराचा मुलगा. सेव्हर्न नदीत पोहावयास शिकला, आणि बालपणी त्याच नदीत बुडणाऱ्या आपल्या भावास त्याने वाचवले. इंग्लिश खाडीच्या पहिल्या प्रयत्नात वाऱ्यापावसाने त्यास परतविले; बारा दिवसांनी तो पुन्हा उतरला आणि डोव्हरहून निघून पावणेबावीस तासांनी कॅले येथे किनाऱ्यास लागला. कलकत्त्याच्या आरती साहा बाईंस गंगेच्या घाटावर स्नानास जाता जाता बालवयातच पाण्याची गोडी लागली. १९५९ च्या ऑगस्टात इंग्लिश खाडीत त्यांस अपयश आले. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी १६ तास २० मिनिटांत त्या पलीकडे पोहोचल्या, आणि ही खाडी पोहून जाणाऱ्या आशिया खंडातील पहिल्या स्त्री ठरल्या. ह्याच्या अगदी उलट मिहिर सेन ह्यांची गोष्ट. हे गृहस्थ बॅरिस्टर होण्याकरिता विलायतेस गेले, तेव्हा पोहण्यात त्यांची मुळीच गती नव्हती म्हटले तरी चालेल. फ्लॉरेन्स चॅडविक नावाच्या अमेरिकन बाईंच्या पराक्रमाचे वृत्त त्यांच्या वाचनात आले, आणि तेथील ख्रिस्ती तरुण संघाच्या तलावावर जाऊन त्यांनी नव्याने हातपाय मारावयास आरंभ केला. पुष्कळ वेळा हार खाऊन १९५८ साली त्यांनी इंग्लिश खाडी जिंकली, आणि १९६६ ह्या एकाच वर्षात पाल्कची सामुद्रधुनी, जिब्राल्टर, दार्दनेल्स, बॉस्फरस व पनामाचा कालवा अशी पाच जलांतरे पोहून टाकली. एकास छंद बालपणी लागला, दुसऱ्यास वकिलीच्या पुस्तकांतून डोके वर काढल्यावर. म्हणून 'आमच्या मुलाचे वय निघून गेले' असे म्हणणाऱ्या पालकांस आम्ही सेनांचे चरित्र वाचावयास सुचवितो.

आपल्या महाराष्ट्रातही ह्या मार्गाने गेलेले वीर थोडे नाहीत. कानांनी ऐकू न येणारे व दृष्टीनेही अधू असे मुंबईचे तारानाथ शेणॉय ह्यांनी इंग्लिश खाडी एकदाच नव्हे तर अनेकदा पोहून दाखविली. पुण्याचे रोहन मोरे ह्यांनी जगातील सात कठीण सामुद्रधुन्यांची मालिका २०१८ साली पुरी केली, आणि तसे करणारे ते पहिले आशियावासी ठरले. तीच मालिका २०२३ साली वयाच्या २३व्या वर्षी पुरी करणारा प्रभात कोळी नवी मुंबईचा, म्हणजे खाडीच्या नात्याने आमचा शेजारीच. आत्ममग्नतेची व्याधी घेऊन जन्मलेली नौदलातील एका सैनिकाची कन्या जिया राय हिने २०२४ साली, सोळाव्या वर्षी, इंग्लिश खाडी पार केली. बोलण्याचालण्यात जिला जग अवघड जाते तिला पाणी सोपे जावे, ह्यात शिक्षकांनी मनन करण्यासारखे पुष्कळ आहे.

धरमतरच्या वाटेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण ती वाट नुसत्या दंडाच्या बळाने पुरी होत नाही. भरती आणि ओहोटी ह्यांच्यामध्ये सहा तासांहून किंचित अधिक काळ जातो, आणि दर दिवशी ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे आमच्या किनाऱ्यावरील पोरासोरांसही ठाऊक असते. धरमतरहून निघावयाचे तर सामान्य हिशेब असा की, भरती पूर्ण होऊन पाणी फिरू लागले की उतरावे. ओहोटीचे पाणी पोहणारास खाडीतून खाली नेते. ती ओहोटी संपण्यापूर्वी एका बाजूस रेवस व दुसऱ्या बाजूस करंजा असलेले खाडीचे मुख त्याने ओलांडले पाहिजे. मग नवी भरती मुंबई बंदरात शिरू लागते व ती त्यास उत्तरेकडे, गेटवेच्या दिशेने, हात देते. उजवीकडे घारापुरीचा डोंगर दिसत असतो. पण मुखाशी पोहोचण्यास अर्धा तास उशीर झाला, तर तीच भरती तोंडावर येते आणि पोहणारा हात मारीत असूनही जागच्या जागी राहतो. उधाणाच्या दिवशी पाणी जोराने ओढते, अष्टमीच्या सुमारास भांग असतो तेव्हा मंद असते; दोहोंचे लाभ निराळे व धोके निराळे. त्यात लोखंड-कोळशाचे पडाव, बंदरातील आगबोटी, अंगास चिकटून आग करणारे जेलीमासे, आणि रात्रीचा काळोख. हे सर्व गणित पोहणाराच्या डोक्यात नसते. ते शेजारून चालणाऱ्या होडीच्या तांडेलाच्या डोक्यात असते. विक्रम करणाराचे नाव छापून येते. त्या तांडेलाचे नाव छापून आलेले आमच्या पाहण्यात नाही. तो बहुधा ह्याच किनाऱ्यावरचा कोळी असतो. ज्या विद्येकरिता बाहेरचे लोक येथे येतात ती विद्या आमच्या गावांतच पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहे, आणि आम्ही तिला विद्या म्हणत नाही.

ह्या खेळाचे नियमही मोठे सुंदर आहेत. पोहणाराने होडीस हात लावता कामा नये. पेज, सरबत किंवा जे काही खावयाचे असेल ते दोरीने किंवा काठीच्या टोकाने त्याच्याकडे पोहोचवावयाचे, आणि त्याने पाण्यात तरंगतच घ्यावयाचे. अंगात साधा पोहण्याचा पोषाख, डोक्यास टोपी, डोळ्यांस चष्मा. उष्णता राखणारे जाड कपडे चालत नाहीत. होडीत एक निरीक्षक बसतो व सर्व टिपून ठेवतो. कोणाशी स्पर्धा नाही, तरी फसवणुकीस जागा नाही. असा खेळ शीलाच्या शिक्षणास किती उपयोगी, हे निराळे सांगावयास नको.

आता ज्या गोष्टीविषयी आमचे मत कित्येक पालकांस कडू लागण्याचा संभव आहे तिच्याकडे येतो. आठदहा वर्षांच्या बालकांनी हे ३५ किलोमीटर पोहून काढल्याच्या वार्ता आमच्याकडे मधून मधून प्रसिद्ध होतात, आणि हारतुरे व छायाचित्रे ह्यांचा पाऊस पडतो. त्या बालकांचे धैर्य निःसंशय मोठे. परंतु आम्हांस असे स्पष्ट वाटते की, हे होऊ नये. १९८८ साली इंग्लंडातील थॉमस ग्रेगरी नावाचा मुलगा वयाच्या अकराव्या वर्षी इंग्लिश खाडी पोहून गेला. त्यावर तेथील जाणत्या लोकांनी काय केले? त्यांनी वयाची मर्यादा घातली. आज सोळा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय तेथे कोणास उतरू देत नाहीत. त्या मुलाचा विक्रम म्हणून कायमचा राहिला, आणि तो कायमचा राहावा अशीच त्यांची इच्छा आहे. लहान शरीरातील उष्णता मोठ्या शरीरापेक्षा लवकर निघून जाते, हे एक कारण. दुसरे कारण आमच्या मते अधिक महत्त्वाचे आहे. आठव्या तासास मुलाचे हात भरून आले, त्यास थांबावेसे वाटले, आणि होडीत बाबा उभे राहून 'आणखी थोडेच राहिले, बाळ' असे ओरडत आहेत. अशा वेळी 'पुरे' म्हणण्याचे धैर्य त्या वयात कोणास असते? जो मुलगा 'पुरे' म्हणू शकत नाही त्याचा छंद त्याचा स्वतःचा आहे, असे कसे म्हणावे? तो बहुधा बापाचा छंद असतो.

वेबचा शेवट ह्या संदर्भात स्मरणीय आहे. इंग्लिश खाडी जिंकल्यावर तो खेळ दाखवून पैसे मिळवू लागला, आणि १८८३ साली नायगाराच्या धबधब्याखालील भोवऱ्यांतून पोहून दाखविण्याच्या नादात ३५व्या वर्षी प्राणास मुकला. सेव्हर्नमध्ये भावास वाचविणारा आणि नायगारात लोकांस दाखविण्याकरिता उडी घेणारा माणूस एकच. पाण्यात उतरण्याचा हेतू मात्र बदललेला होता.

मुलींविषयी चार शब्द. विहिरीवर मुलगे उड्या मारतात आणि त्यांच्या बहिणी काठावर कपडे सांभाळीत बसतात, हे दृश्य आम्हांस फार खटकते. पाणी बुडविताना मुलगा-मुलगी पाहत नाही. १९२६ साली गर्ट्रूड एडर्ले नावाची वीस वर्षांची अमेरिकन मुलगी इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली स्त्री ठरली. तिलाही कानांनी कमी ऐकू येई. तोवर जे पुरुष पार झाले होते त्या सर्वांपेक्षा तिने सुमारे दोन तास कमी घेतले. स्त्रीच्या शरीरास हे झेपणार नाही असे म्हणणाऱ्या विद्वानांस त्यानंतर दुसरा विषय शोधावा लागला. मुलींकरिता निराळी वेळ, शिकविण्यास एखादी जाणती बाई, आणि अंगभर व्यवस्थित पोषाख एवढी व्यवस्था झाली, तर आमच्याकडील पुष्कळ आया आपण होऊन मुलींस पाठवतील अशी आमची खात्री आहे. कदाचित काही आया स्वतःही येतील.

हे सर्व होण्यास मोठ्या तलावाची आवश्यकता आहे, असे आम्हांस वाटत नाही. बंगालमध्ये मुर्शिदाबाद जिल्ह्यात भागीरथीच्या पात्रात दर वर्षी ८१ किलोमीटरांची शर्यत होते, आणि नदीकाठची गावेच्या गावे ती पाहण्यास लोटतात. तेथे तलाव नव्हे, नदीच शाळा झाली आहे. आपल्या कोकणात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरणाच्या स्पर्धा होतात, व त्यांत लहानमोठ्यांकरिता वेगवेगळ्या अंतरांचे गट असतात. लहानांनी लहान अंतर पोहावे, मोठ्यांनी मोठे, आणि शेजारी होड्या असाव्यात. ह्यात न जमण्यासारखे काय आहे? आमच्याकडे पहिले काम एवढेच की, पाचवीपासून प्रत्येक विद्यार्थ्याने निर्भय व संथ पाण्यात, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, न थांबता पंधरा मिनिटे तरंगण्यास व पोहण्यास शिकावे. खाडीत एकट्याने उतरण्याची मनाई आजच्याप्रमाणेच, किंबहुना अधिक कडक, राहावी. 'पाण्यात पडले म्हणजे पोहता येते' ही म्हण अर्धीच खरी आहे. पडलेल्यांपैकी जे वर आले त्यांनीच ती प्रचारात आणली.

दुसरे काम त्याहूनही सोपे. नारळी पौर्णिमा होऊन समुद्र निवळला, आणि पुढे थंडीचे दिवस आले, म्हणजे पोहणारांच्या टोळ्या धरमतरास येऊ लागतात. अशा एखाद्या रात्री शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांस धक्क्यावर न्यावे, आणि निघालेल्या पोहणाराची होडी दिव्यासकट काळोखात दिसेनाशी होईपर्यंत तेथे उभे राहू द्यावे. परत आल्यावर शाळेत भरती-ओहोटीचे वार्षिक कोष्टक लावावे. भूगोलाच्या तासास एखाद्या अनुभवी तांडेलास बोलावून त्याच्याकडून ते समजून घ्यावे, आणि त्यास गुरुजी म्हणून खुर्ची द्यावी. कोष्टकाकरिता एक फळी व चार खिळे पुरतील. ती फळी हस्तव्यवसायाच्या वर्गाने दिवाळीच्या सुट्टीपूर्वी करून द्यावी, अशी आमची सूचना आहे.